‘या सत्तार’ची ओळ

शुब्रा, कैरो
४ रमजान

वगीहमामा,

मायना-बियना काही नाही. उपाशी आहे, तहानलेली आहे आणि चिडलेली आहे, तेव्हा सरळ सांगते. तुझी लिफ्ट अडकते.

‘तुझी’ म्हणते, कारण तिच्या डोक्यातला प्रोग्रॅम तू लिहिलास. पुढे लिफ्टवाल्या उस्ता मिदहतच्या वर्कशॉपला रामराम ठोकून तू रास अल-बर्रला समुद्रात गळ टाकून बसलास आणि सगळी पिलावळ भाचीच्या गळ्यात मारलीस. चालायचंच. पण या बयेनं अडकावं कुठे? आपल्याच इमारतीत! जिथे मी राहते, आणि जिथे शेंबडी असल्यापासून ओळखणारे लोक मला जिन्यात गाठून विचारतात, “काय गं इंजिनियर, झोप लागते का रात्री?”

पहिल्या रोजाला चौथ्या मजल्यावरची मदाम तफीदा अडकली, कुनाफा-मिठाईच्या परातीसकट. दुसऱ्याला दातांचा डॉक्टर. तिसऱ्याला पुन्हा मदाम तफीदा. सगळे संध्याकाळी, अजानच्या तोंडावर. मग आपला दारवान अम्म बखीत धापा टाकत गच्चीवरच्या खोलीत जातो, हातानं चाक फिरवतो, लिफ्ट मजल्याशी आणतो आणि माणूस बाहेर काढतो. सुटलेला माणूस खूश होऊन त्याच्या हातावर काहीतरी ठेवतो. रमजान आहे, कोण नाही ठेवणार?

झालं! दुसऱ्या मजल्यावरचे इस्मत बे आठवतात ना? पोलिसातले निवृत्त जनरल, आता इमारतीच्या समितीचे अध्यक्ष. त्यांनी चष्मा पुसला आणि तपास पूर्ण केला. “सोडवण्याचे पैसे कोणाला मिळतात? बखीतला. मग अडकवतो कोण? बखीत.” ईद झाली की त्यानं जिन्याखालची खोली सोडायची, असं ठरलं. तीस वर्षं तो आणि त्याची नइमा त्या खोलीत राहताहेत, मामा. मला शाळेच्या बसमध्ये त्यानंच चढवलंय.

तो सय्यदा झैनबची शपथ घेऊन सांगतो, “मी अडकवत नाही, ती आपली आपण अडकते. मदाम तफीदाची नजर वाईट आहे, तिनं लिफ्टला दृष्ट लावली.” यावर मदाम तफीदा काय म्हणाली ते लिहीत नाही, माझा रोजा आहे.

मी दोन दुपारी लिफ्ट वरखाली पळवून पाहिली. लोण्यासारखी चालते. इस्मत बेंनी विचारलं, “लिफ्टच्या कंट्रोल बोर्डात दोष आहे?” मी म्हटलं, नाही. “लिहून दे.” दिलं लिहून. तेव्हापासून बखीत माझ्याशी बोलत नाही, आणि मला काही गोड लागत नाही. अर्थात सूर्य मावळेपर्यंत तसंही काही लागत नाही.

तुझी,
रबाब

•

रास अल-बर्र
५ रमजान

रबाबबाई, इंजिनियर, लिहून देणाऱ्या,

तुझं पत्र वाचून बूरी मासा गळावरून सुटला. चांगला हातभर होता. त्याचं पाप तुझ्या माथी.

दोन दुपारी तपासलीस? रमजानात? अगं, रमजानात दुपारी कैरोतलं मांजरसुद्धा जिना चढत नाही! तू रिकाम्या रस्त्यावर गाडी पळवलीस आणि सांगितलंस की कैरोत अपघात होत नाहीत. लिफ्ट अडकते संध्याकाळी, तर बघायचीही संध्याकाळी. हे तुला कॉलेजात नाही शिकवलं, ठीक आहे. पण तुझ्या आईनं तरी शिकवायचं.

दुसरं. बाकीच्या इमारतींतल्या लिफ्ट चालताहेत ना? मग हिच्यात वेगळं काय आहे? माझ्या प्रोग्रॅमला हात लावलास का? खरं सांग. माझ्या वेळचा नियम होता की चिठ्ठीशिवाय एक अक्षर बदलायचं नाही. काय बदललं, का बदललं, आणि दोष पहिल्यांदा कोणी कळवला त्याचं नाव. ‘गिऱ्हाईक’ असं नाही लिहायचं. गिऱ्हाइकाला आई-बाप असतात, त्यांनी नाव ठेवलेलं असतं. गिझाच्या इमारतीचा दोष एका धोब्यानं कळवला होता, त्याचं नाव आजही चिठ्ठीत आहे.

तुझी वसंतातली चिठ्ठी उस्ता मिदहतनं मला पाठवली होती. तीत एकच शब्द होता: ‘साफसफाई’. मी वाचली आणि गप्प बसलो, कारण निवृत्त माणसानं गप्प बसावं असं डॉक्टर सांगतात.

बखीत चोर नाही. चोर असता तर तीस वर्षांत जिन्याखालून निदान पहिल्या मजल्यावर तरी आला असता.

वगीह

•

शुब्रा
७ रमजान

मामा,

तू बोललास ते बोललास. मी काल अजानच्या आधी लिफ्टपाशी जाऊन उभी राहिले.

काय सांगू! एरवी या इमारतीत कोण जिवंत आहे आणि कोण नाही हे कळत नाही, आणि त्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत अख्खा शुब्रा आमच्या दारात. कोणी लोणचं घेऊन, कोणी चिंचेच्या सरबताची पिशवी घेऊन, कोणी नुसतंच ओरडत. प्रत्येक मजल्यावर बटणावर बोट. दाबलं की आली पाहिजे, नाही आली की पुन्हा दाब, मग शेजारच्यानं दाब, कारण याच्या बोटात दम नाही. मीही लोणच्याचा डबा घेऊन आत शिरले. तिसऱ्याच्या खाली खाड्‌कन थांबली. दिवा चालू, पंखा चालू, बाई ठप्प!

रोजा सोडायची तोफ झाली, अजान झाली, सगळ्या घरांतून चमच्यांचे आवाज, आणि मी आत लोणच्याच्या डब्याशी एकटी. बखीत घास टाकून वर गेला, चाक फिरवलं, दार उघडलं. मी त्याच्या हातात नोट ठेवायला गेले. तो म्हणाला, “राहू द्या, इंजिनियर. तुमच्या त्या कागदानं माझं सगळं चुकतं झालंय.”

मामा, मला तोंड कुठे लपवू असं झालं.

हो, मी प्रोग्रॅमला हात लावला. वसंतात साफ केला आणि पहिल्यांदा आपल्याच इमारतीत घातला, म्हटलं डोळ्यांसमोर राहील. पण सगळी मेलेली लाकडंच काढली, शपथ! न वापरलेली नावं, दोनदा लिहिलेली बेरीज, आणि ती तुझी गंमत: प्रत्येक मजल्याच्या हिशेबाआधी प्रोग्रॅम मागच्या बाजूच्या सॉकेटवर ‘या सत्तार’ असं लिहून पाठवायचा. त्या सॉकेटला काही जोडलेलंच नाही! पंधरा वर्षं ही लिफ्ट भिंतीला ‘देवा, सांभाळ रे’ म्हणत होती. मी हसून हसून पडले आणि ओळ उडवली. तिनं काय होणार?

रबाब

•

रास अल-बर्र
त्याच दिवशी

ती ओळ जिथे होती तिथे परत घाल. आत्ता. का ते विचारू नकोस.

वगीह

•

शुब्रा
१३ रमजान

मामा, म्हाताऱ्या, लबाडा,

घातली. त्या संध्याकाळपासून एकदाही अडकली नाही! माणसं बटणं कुटताहेत, आणि ही आपली सरळ वर, सरळ खाली, साजूक सुनेसारखी. भिंतीला ‘या सत्तार’ म्हणते आणि चालते. मी इंजिनियर झाले, आणि शेवटी जपावर चालणारी लिफ्ट माझ्या वाट्याला आली.

उस्ता मिदहत खूश. “लिफ्ट चालते ना? मग आता तिच्या वाटेला जाऊ नकोस. आणि बोर्डात दोष होता असं कुठे बोलू नकोस, मला बाकीच्या इमारतींना तोंड दाखवायचंय.” मीही चार-पाच दिवस मांजरासारखे डोळे मिटून दूध प्याले.

पण काल काय झालं ते ऐक. इस्मत बेंनी दारात कतायफ मिठाई वाटली. का? तर त्यांचा तपास खरा ठरला! “बघा,” ते सगळ्यांना सांगत होते, “खोली जाणार म्हटल्यावर अडकायची थांबली की नाही? चोराला दम दिला की चोरी थांबते. चाळीस वर्षांचा अनुभव आहे.” आणि लोकांनी माना डोलावल्या, मामा. कालपर्यंत निम्मी इमारत बखीतच्या बाजूनं होती. आज दातांचा डॉक्टरसुद्धा म्हणाला, “वाईट वाटतं, पण योगायोग केवढा!”

म्हणजे मी गुपचूप दुरुस्त केली आणि त्या दुरुस्तीनंच त्याला चोर ठरवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर मी वळून दिला. खाली गेले तर नइमा भांडी जुन्या चादरीत बांधत होती. मला म्हणाली, “एडफूला जाऊ, त्याच्या भावाकडे. भावाला आम्ही नकोच आहोत, पण तोंडावर तसं म्हणणार नाही.” बखीत तिथेच बसला होता. मान वर केली नाही.

तुला माहीत होतं. ‘का ते विचारू नकोस’ म्हणजे तुला सगळं माहीत होतं. आता विचारते. का?

रबाब

•

रास अल-बर्र
१५ रमजान

रबाब,

लबाड म्हण, म्हातारा म्हणू नकोस. तू लिहितेस तेवढं काही माहीत नव्हतं, आणि जे माहीत होतं त्याला इतिहास म्हणतात.

पहिल्याच वर्षी एका इमारतीत अशीच एक अडकली होती. मी तिच्या डोक्यात एक ओळ घातली, की बाई गं, प्रत्येक वेळी सॉकेटवर लिहून कळव, तू कुठे आहेस. म्हटलं नेमकी कुठे चुकते ते सापडेल. ओळ घातली आणि अडकायचीच थांबली! ओळ काढली की अडकते, घातली की चालते. दाढ दुखते म्हणून दवाखान्यात जावं आणि खुर्चीत बसल्याबरोबर दुखायची थांबावी, तसं. गिऱ्हाईक दारात, दुसऱ्या दिवशी ईद, उस्ता मिदहत डोक्यावर उभा. मी ‘या सत्तार’ म्हटलं, तेच ओळीत लिहिलं आणि सेवयांना घरी गेलो. आपल्या धंद्यातली सगळी माणसं हेच करतात, जे नाही म्हणतात ते अधिक करतात. चिठ्ठी मात्र लिहिली नाही. नियम मी त्यानंतर केला, आता कळलं का?

ती ओळ काही दुरुस्ती नव्हे. ती फक्त वेळ खाते. तेवढ्या वेळात कुठल्यातरी दोन गोष्टी एकमेकींना चुकवून जातात. कुठल्या दोन, ते तू शोध. लिफ्टच्या आत काय आहे? हाका. बटण दाबलं की हाक, मजल्याशेजारून गेली की तिथल्या लोहचुंबकाची हाक. हाक आली की हातातलं काम टाकून आधी तिची खूण करायची आणि मग मागे वळून काम पुढे चालू. हातातलं काम कुठे अर्धवट टाकलं तर घात होईल, एवढं बघ. माणसाचंही तेच असतं.

आणि बखीतचं म्हणशील, तर सापडलं तरी गुपचूप दुरुस्त करून काही उपयोग नाही. चालणारी लिफ्ट त्याची साक्ष देत नाही. साक्ष फक्त अडकलेली देईल.

उस्ता मिदहत तुला खाईल. खाऊ दे, रोजा आहे त्याचा, संध्याकाळपर्यंत तरी वाचशील.

वगीह

•

शुब्रा
१९ रमजान

मामा,

सापडलं! सापडलं! सापडलं!

लिफ्टच्या डोक्यात एक पाटी आहे. कोण कुठे वाट बघतंय, कुठला मजला आला, सगळं त्या एकाच पाटीवर. हाक आली की पाटीवर खूण. ते बरोबर आहे. पण काम झालेली खूण पुसायची असते, तेव्हा तुझा प्रोग्रॅम काय करतो? पाटी वाचतो, डोक्यात ठेवतो, त्यातली नको ती खूण वगळतो आणि आख्खी पाटी आठवणीतून नव्यानं लिहितो. वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये श्वास घेण्याइतकीही जागा नाही. पण नेमकी त्याच फटीत चुंबकाची हाक आली, “तिसरा मजला आला!” म्हणून तिनं खूण केली, की मागून हा शहाणा वळतो आणि जुनी आठवण त्यावर लिहून टाकतो. तिसरा गेला पुसून! लिफ्ट म्हणते, तिसरा तर आलाच नाही, मग मी आहे कुठे? आणि शंका आली की जागच्या जागी थांबायचं, हे तूच तिला शिकवलंयस.

दुपारी एक-दोन बटणं, तेव्हा पाटी क्वचित पुसली जाते. अजानच्या तोंडावर शंभर बोटं, म्हणजे शंभर वेळा पुसापुशी. मग कधीतरी गाठ पडणारच. म्हणून ही बाई रमजानातच अडकते, आणि ज्याची दृष्ट लागली तो अख्खा शुब्रा आहे, एकटी मदाम तफीदा नाही. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, “एकटीची का नाही?”

दुरुस्ती केली आहे. पाटीचं काम सुरू झालं की आधी दार, लिफ्टचं नव्हे, प्रोग्रॅमच्या कानांचं, लावून घ्यायचं, म्हणजे हाका बाहेर थांबतील. पाटी लिहायची, आतल्या दिव्यावरचा मजल्याचा आकडा बदलायचा, आणि मग दार उघडायचं. सोबत पाठवते. ‘या सत्तार’ची ओळ काढूनही बोर्डावर चालवून पाहिली, टेबलावर तरी चालते. बघ आणि शाबासकी दे.

रबाब

•

रास अल-बर्र
२० रमजान

शाबास. आता खुर्चीत बस.

पाटी सापडली ती अगदी खरी. इतकी वर्षं मी तिच्यावर टेकून बसलो होतो आणि मला दिसली नाही, पार्श्वभागाला डोळे नसतात. पण दार लावलंस ते किती वेळ? पाटी लिहिण्यापुरतं लावायचं, तर तू आकडा बदलेपर्यंत लावून बसलीस. तो आकड्याचा दिवा किती मंद आहे ठाऊक आहे ना? तेवढ्यात लिफ्ट चुंबकाशेजारून निघून जाईल. बटणवाला दारात थांबतो, पुन्हा दाबतो, शिव्या देतो. चुंबक थांबत नाही. त्याची हाक एकदाच येते. मग पूर्वी पुसली जायची, आता ऐकूच येणार नाही. आगीतून फुफाट्यात.

आणि एक. पुसायला काहीच नसेल, तर तुझा प्रोग्रॅम मधूनच परत फिरतो. बरोबर? पण फिरताना दार उघडलंस का? बघ नीट. एकदा जरी त्या वाटेनं गेली, की लिफ्ट जन्माची बहिरी. दार लावणाऱ्यानं प्रत्येक वाटेवर दार उघडायचं असतं. हे मी तुझ्या मामीला तीस वर्षं सांगत होतो, ती मला चाळीस.

दार वाचायच्या आधी लाव, लिहून झाल्याबरोबर उघड, आकडा नंतर सावकाश बदल. तीन ओळींचं काम आहे.

लोकांना कधी दाखवतेस?

वगीह

•

शुब्रा
२६ रमजान

मामा,

तू यायला हवा होतास. गुडघ्याचं निमित्त सांगून मुकलास बघ.

मी आधी उस्ता मिदहतला सांगितलं. तो इतका ओरडला की त्याला तहान लागली आणि मग तहान लागली म्हणून आणखी ओरडला. मी म्हटलं, दोष दाखवून दुरुस्त करणारं वर्कशॉप बरं, की दारवानाला हाकलून दोष लपवणारं? तो म्हणाला, “लपवणारं.” मग जरा वेळानं म्हणाला, “माझे वडील तुमच्याच इमारतीत राहायचे. त्यांचा जनाजा बखीतनं जिन्यावरून खाली नेला होता. जा, कर काय करायचं ते. पण मी तिथे येणार नाही.”

मग इस्मत बेंकडे गेले. म्हटलं, मी जो कागद लिहून दिला तो चुकीचा आहे, उद्या अजानला सगळ्यांसमोर दाखवते. बे हसले. म्हणाले, “दाखव. पण अटी माझ्या.” बखीतनं रस्त्यावर सगळ्यांमध्ये बसायचं. गच्चीवरच्या खोलीला कुलूप लावून किल्ली बेंनी स्वतःकडे ठेवायची. आणि लिफ्टमध्ये स्वतः बे बसणार, म्हणजे कोणी आतून लबाडी करायला नको. मी म्हटलं, वा बे, चाळीस वर्षांचा अनुभव!

काल मी साफ केलेला, जुना, ओळ नसलेला प्रोग्रॅम घातला. खाली दारासमोर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी उपवास सोडायचं टेबल मांडलेलंच असतं, बखीतला तिथे बसवला, एका बाजूला खाटीक, दुसऱ्या बाजूला टॅक्सीवाला. मी मजल्यामजल्यावर सांगून ठेवलं होतं, रोज करता तेच करा, फक्त आज मन लावून करा. आमच्या इमारतीला बटण कुटायला सांगावं लागतं का? मदाम तफीदा दोन्ही हातांनी कुटत होती.

बे वर गेले, खाली आले, वर गेले, खाली आले. मामा, मनात म्हणत होते, अडक गं बाई, एकदा अडक, आयुष्यभर तुला तेल घालीन! दुसऱ्या फेरीला काही नाही, तिसऱ्याला काही नाही. बेंचा आवाज आतून, “लोण्यासारखी चालते!” माझाच शब्द. रस्त्यावर बखीत मान खाली घालून बसलेला. आणि तोफ झाली तशी, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये, खाड्‌कन!

मी अशी ओरडले की लोकांना वाटलं गोल झाला.

मग लक्षात आलं, चाकाच्या खोलीची किल्ली बेंच्या खिशात. आणि बे आत!

सगळी इमारत जिन्यात. कोणी हसतंय, कोणी ताट हातात घेऊन आलंय. बखीत टेबलावरून उठून आला, तिसऱ्याचं दार सरकवून बोटभर फट केली. किल्ली नाही मागितली त्यानं. आधी खजूर आत सरकवला, मग पाण्याची बाटली. म्हणाला, “बे, आधी रोजा सोडा. किल्ली नंतर द्या, मी काही कुठे जात नाही. ईदपर्यंत तरी.”

मग फटीतून किल्ली बाहेर आली.

बखीतनं चाक फिरवलं. दार उघडलं. बे बाहेर आले, घामानं निथळत, हातात खजुराची बी. आणि सवयीनं त्यांचा हात खिशात गेला, बक्षीस द्यायला. गेला आणि तिथेच थांबला. सगळे बघताहेत. वरून मदाम तफीदा ओरडली, “दे की! आता तू का अडकलास?”

बेंनी नोट काढली. बखीतनं घेतली, ओठांना लावली, कपाळाला लावली आणि म्हणाला, “देव तुमचं भलं करो, बे. ही पहिलीच, जिच्याबद्दल कोणी विचारणार नाही.” रात्री तराविहची नमाज झाल्यावर बे जिन्याखाली गेले, आणि नइमानं बांधलेली चादर त्यांनी स्वतः बसून सोडली. गाठी पोलिसाच्या होत्या की नइमाच्या कोण जाणे, सुटता सुटेनात. नइमानं त्यांना चहा दिला. साखर न घालता.

आज दुरुस्त केलेला घातला, तू सांगितलास तसा, दार वाचायच्या आधी लावून आणि लिहिल्याबरोबर उघडून, प्रत्येक वाटेवर. ‘या सत्तार’ची ओळ काढली. अजानला आख्ख्या इमारतीनं सूड उगवल्यासारखी बटणं कुटली. एकदाही नाही अडकली. भिंतीशीही बोलत नाही आता, निमूट चालते.

चिठ्ठी लिहिली आहे. वाच आणि सही कर:

“काय बदललं: पाटी वाचून पुन्हा लिहीपर्यंत हाका बाहेर थांबवल्या. आकडा बदलणं त्यानंतर. मधून परत फिरणाऱ्या वाटेवरही दार उघडलं. वेळ खाणारी ओळ काढली, तिची आता गरज नाही.
का: पाटी लिहीत असताना मजल्याची हाक आली तर ती पुसली जायची आणि लिफ्ट जागा विसरून थांबायची. गर्दीच्या वेळी दिसतं. दुपारी तपासू नये.
पहिल्यांदा कळवलं: बखीत अब्दुल-मौगूद सनूसी, दारवान, शुब्रा. (“मी अडकवत नाही, ती आपली आपण अडकते,” असं त्यांनी ३ रमजानला सांगितलं होतं. ऐकलं नाही.)
दुरुस्ती: रबाब. सुधारणा: वगीह.
अडकून पाहिलं: इस्मत बे.”

बखीतला वाचून दाखवली. त्यानं विचारलं, “माझं नाव लिफ्टमध्ये घातलं?” मी म्हटलं, हो, आणि आता हाच प्रोग्रॅम बाकीच्या सगळ्या इमारतींतही जाणार. आत्ताच मी बाहेरून आले, तर दातांचा डॉक्टर लिफ्टचं दार आपटून लावत होता आणि बखीत त्याच्यावर खेकसत होता, “हळू लावा डॉक्टर! आत माझं नाव आहे.”

तुझी,
रबाब

•

रास अल-बर्र
२ शव्वाल

रबाब, ईद मुबारक.

चिठ्ठीवर सही केली. ‘दुपारी तपासू नये’ वाचून एकटाच मोठ्यानं हसलो, शेजारच्या कोळ्यानं जागा बदलली.

पण बये, तू त्या माणसाशी खोटं बोललीस. चिठ्ठी वर्कशॉपच्या कपाटात राहते, लिफ्टमध्ये जात नाही. लिफ्टच्या डोक्यात त्याच्या नावाचं एक अक्षर नाही, आणि तो डॉक्टरवर खेकसतोय! हे त्याला सांगू नकोस. सांगितलंस तर मी तुला मामा नाही.

एक कर. माझी ओळ काढलीस तिथे जागा मोकळी झाली आहे, मी मोजली. ‘बखीत अब्दुल-मौगूद सनूसी’ तीत मावतं. ते तिथे ठेव, आणि मग सगळ्या इमारतींना पाठव. त्या नावानं काही करायचं नाही, भिंतीला काही सांगायचं नाही, वेळ खायचा नाही. नुसतं असू दे. त्याचीही चिठ्ठी लिही. म्हणजे पुढे कोणी शहाणी साफसफाई करायला आलीच, तर हात लावायच्या आधी वाचेल.

वगीहमामा